मणका सरकल्याचा अहवाल कसा वाचावा: कारण, प्रकार आणि ग्रेड

कंबरेच्या एक्स-रेच्या किंवा एमआरआयच्या अहवालात ‘स्पॉन्डिलोलिस्थेसिस’ असा शेरा आला की रुग्णाची आणि नातेवाइकांची नजर आधी त्यापुढच्या ग्रेडवर जाते. ग्रेड एक असेल तर हायसे वाटते, दोन असेल तर धास्ती बसते. अहवाल वाचण्याचा हा क्रम उलटा आहे. मणका किती सरकला याच्याआधी तो का सरकला हे कळले पाहिजे, कारण पंधरा वर्षांच्या मुलाचा आणि पासष्ट वर्षांच्या स्त्रीचा मणका अगदी सारखाच सरकलेला असला, तरी त्यामागचे कारण, नस दबण्याची जागा, पुढे वाढण्याची शक्यता आणि उपचार हे सारे वेगळे असते. पुढील मजकूर शक्यतो आपला अहवाल आणि फिल्म समोर ठेवून वाचावा. त्यावरून घरच्या घरी निदान करू नये; डॉक्टरांना नेमके काय विचारायचे, एवढे त्यातून ठरवता येईल.

पहिली खात्री करायची ती सरकले आहे ते काय, याची. बोलताना ‘स्लिप डिस्क’, ‘मणक्यात गॅप’ आणि ‘मणका सरकणे’ हे सगळे एकाच अर्थाने वापरले जाते. स्लिप डिस्कमध्ये दोन मणक्यांमधली गादी फुगते किंवा फाटून तिचा मऊ भाग बाहेर येतो. मणके आपापल्या जागीच असतात. ‘गॅप’ म्हटले जाते तेव्हा बहुधा गादीची उंची कमी झालेली असते, म्हणजे दोन मणक्यांमधले अंतर वाढलेले नसून घटलेले असते. स्पॉन्डिलोलिस्थेसिसमध्ये मात्र हाडाचा मणकाच खालच्या मणक्यावरून पुढे घसरलेला असतो. काही अहवालांत यालाच ‘अँटेरोलिस्थेसिस’ लिहितात. मणका मागे सरकला असेल तर ‘रेट्रोलिस्थेसिस’ आणि बाजूला सरकला असेल तर ‘लॅटरल लिस्थेसिस’ असे लिहिलेले असते. ‘स्पॉन्डिलोसिस’ म्हणजे मणक्यांची झीज आणि ‘स्पॉन्डिलोलिसिस’ म्हणजे मणक्याच्या मागच्या कमानीला गेलेला तडा. ही नावे ऐकायला जवळची असल्यामुळे अहवालातले प्रत्येक अक्षर नीट पाहावे.

मणक्याला जागेवर काय धरून ठेवते

कंबरेत पाच मणके असतात. अहवालात ते एल-१ ते एल-५ असे लिहितात आणि एल-५ च्या खाली त्रिकास्थीचा (कण्याच्या तळाच्या त्रिकोणी हाडाचा) पहिला मणका, म्हणजे एस-१ येतो. प्रत्येक मणक्याचा पुढचा भाग जाड आणि गोलसर असून वजन पेलतो. मागच्या बाजूला हाडाची कमान असते, आणि या दोहोंच्या मधल्या पोकळीतून नसा खाली जातात. कमानीवर सांध्याचे दोन पृष्ठभाग वर आणि दोन खाली असतात. वरच्या मणक्याचे खालचे पृष्ठभाग खालच्या मणक्याच्या वरच्या पृष्ठभागांच्या मागे अडकतात आणि त्यामुळे वरचा मणका पुढे जाऊ शकत नाही. हे फॅसेट सांधे म्हणजेच मणक्याचा खरा अडसर होय. एकाच मणक्याचे वरचे आणि खालचे पृष्ठभाग हाडाच्या ज्या अरुंद पट्टीने जोडलेले असतात, तिला पार्स म्हणतात. गादी आणि अस्थिबंधही मणक्याला धरून ठेवतात.

कंबरेला आतल्या बाजूने बाक असतो आणि त्रिकास्थीचा वरचा पृष्ठभाग पुढे उतरता असतो. त्यामुळे माणूस उभा राहिला की वजनाचा काही भाग तळाच्या मणक्यांना सतत पुढे ढकलत राहतो. हा रेटा प्रत्येकाच्या कण्यावर असतोच. मणका सरकतो तो अडसर निकामी झाल्यावर, आणि तो मुख्यतः तीन प्रकारे निकामी होतो: जन्मतःच तो नीट घडलेला नसतो, त्याला जोडणारी पट्टी तुटते, किंवा तो झिजतो. विल्ट्से, न्यूमन आणि मॅकनॅब यांनी १९७६ साली मांडलेले वर्गीकरण आजही वापरात आहे. त्यातले पहिले तीन प्रकार म्हणजे हीच तीन कारणे आहेत. अपघात आणि हाडाचे आजार हे उरलेले दोन.

प्रकाराचा अंदाज बांधण्यासाठी अहवालातली पातळी (म्हणजे कोणता मणका कोणावरून सरकला) आणि रुग्णाचे वय या दोन गोष्टी एकत्र पाहाव्यात. एल-५ हा एस-१ वरून सरकला असेल आणि रुग्ण तरुण असेल, किंवा कंबरदुखीचा इतिहास तरुणपणापासूनचा असेल, तर कमानीला तडा गेल्याची शक्यता सर्वाधिक असते. एल-४ हा एल-५ वरून सरकला असेल आणि वय पन्नाशीच्या पुढे असेल, तर झीज हे कारण बहुधा खरे ठरते. याला अपवाद आहेत, पण सुरुवात इथूनच करावी.

तडा जाऊन सरकणे

अहवालात ‘इस्थमिक’, ‘लिटिक’ किंवा ‘पार्स डिफेक्ट’ यांपैकी एखादा शब्द असेल, तर मणका या प्रकारे सरकला आहे. बहुतेक वेळा हा तडा एखाद्या पडण्यामुळे वा आघातामुळे गेलेला नसतो. कंबर वारंवार मागे वाकवणे आणि त्याच वेळी पिळणे यामुळे पार्सच्या पट्टीवर पुन्हा पुन्हा ताण येतो, हाड भरून येण्याआधीच पुढचा ताण पडतो आणि अखेर ती पट्टी थकून तडकते. जिम्नॅस्टिक्स, वजन उचलणे, पाण्यात सूर मारणे आणि क्रिकेटमधली वेगवान गोलंदाजी या खेळांत म्हणूनच हा प्रकार अधिक दिसतो. वेगवान गोलंदाजांमध्ये तडा बहुधा चेंडू टाकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूला जातो. उजव्या हाताने टाकणाऱ्याची दुखरी जागा डावीकडे असणे हा या क्षेत्रातल्या डॉक्टरांना परिचित असलेला संकेत आहे.

अर्थात खेळाडू नसलेल्यांनाही असा तडा असतो. नवजात बालकांत तो जवळपास आढळत नाही, आणि जे कधीच उभे राहून चालू शकले नाहीत अशा व्यक्तींच्या पाहणीतही तो सापडला नाही. म्हणजे ताठ उभे राहून चालणे हीच त्याची मूळ अट दिसते. शाळकरी मुलांच्या एका प्रसिद्ध दीर्घकालीन पाहणीत सहा वर्षांच्या वयात सुमारे ४.४ टक्के मुलांना तडा आढळला आणि प्रौढ वयापर्यंत हे प्रमाण ६ टक्क्यांपर्यंत गेले. त्याच व्यक्तींचा पुढे अनेक दशके पाठपुरावा झाला, तेव्हा असे दिसले की ज्यांना एकाच बाजूला तडा होता त्यांच्यापैकी कोणाचाही मणका सरकला नाही. त्यामुळे अहवालात तडा ‘एका बाजूला’ आहे की ‘दोन्ही बाजूंना’, हे आवर्जून शोधावे आणि लिहिलेले नसेल तर विचारावे. मणका सरकण्यासाठी दोन्ही बाजूंची पट्टी तुटलेली असावी लागते.

हा तडा फिल्मवर पाहायचा असेल तर तिरक्या कोनातून काढलेला एक्स-रे घ्यावा लागतो. त्यात मणक्याच्या कमानीची आकृती लहानशा कुत्र्यासारखी दिसते आणि तडा असेल तर त्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा बांधल्यासारखी काळी रेघ उमटते. शिकवण्यासाठी ही खूण सोयीची आहे, परंतु तिरक्या एक्स-रेत किरणोत्सर्ग वाढतो आणि सगळेच तडे त्यात दिसत नाहीत, म्हणून त्याचा वापर आता कमी झाला आहे. हाडाचा तडा सर्वांत स्पष्ट दिसतो तो सीटी स्कॅनमध्ये, तर पट्टी अजून तुटलेली नसून नुसती ताणाने सुजली आहे ही अवस्था एमआरआयमध्ये कळते. खेळणाऱ्या मुलाची कंबर मागे वाकताना दुखत असेल आणि साधा एक्स-रे निर्दोष आला असेल, तर तेवढ्यावर समाधान मानू नये. याच अवस्थेत विश्रांती मिळाली तर हाड भरून येण्याची संधी सर्वांत चांगली असते.

या प्रकारात एक गंमत आहे. पट्टी तुटल्यामुळे मणक्याचा पुढचा भाग पुढे जातो आणि कमान मागेच राहते, म्हणून मधली पोकळी अरुंद होण्याऐवजी रुंदावते. त्रास होतो तो बाजूच्या छिद्रात, जिथून नस बाहेर पडते. एल-५ सरकला असेल तर एल-५ चीच नस तिथे दबते. कळ पोटरीच्या बाहेरच्या अंगाने पावलाच्या वरच्या भागापर्यंत जाते आणि पायाचा अंगठा वर उचलण्याची ताकद कमी होऊ शकते. मांडीच्या मागचे स्नायू आखडणे हेही तरुण रुग्णांत नेहमी दिसणारे लक्षण आहे. पुढे वाकून हात पावलांपर्यंत पोहोचत नसेल, तर त्याला केवळ व्यायामाचा अभाव समजू नये.

झीज होऊन सरकणे

‘डिजनरेटिव्ह’ हा शब्द बहुतेकांना घाबरवतो. प्रत्यक्षात हा प्रकार क्वचितच फार पुढे जातो. मणका सहसा एक तृतीयांशापेक्षा कमीच सरकतो, कारण कमान अखंड असते आणि थोडे सरकल्यावर तीच पुढे जायला अटकाव करते. गादी वाळून तिची उंची घटते, अस्थिबंध सैलावतात, फॅसेट सांध्यांवरचा भार वाढून ते झिजतात आणि मग वरचा मणका हळूहळू पुढे येतो. ज्यांच्या फॅसेट सांध्यांची ठेवण जन्मतःच पुढे-मागे जाणाऱ्या दिशेत अधिक असते, त्यांच्यात हा अडसर मुळातच कमकुवत असतो. पन्नाशीनंतर, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये कित्येक पटींनी अधिक, असे याचे स्वरूप आहे.

एल-४ आणि एल-५ यांच्यामध्येच हे बहुतेक वेळा का घडते, याचे उत्तर एल-५ च्या बांधणीत आहे. एल-५ ला कमरेच्या हाडांशी जोडणारे मजबूत अस्थिबंध असतात, त्यामुळे तो घट्ट बसलेला असतो आणि हालचालीचा सगळा ताण त्याच्या वरच्या सांध्यावर येतो.

इथे कमान तुटलेली नसल्याने ती मणक्याबरोबर पुढे ओढली जाते आणि मधली पोकळीच चिंचोळी होते. म्हणून या रुग्णांची तक्रार वेगळी असते: काही अंतर चालले की मांड्या आणि पोटऱ्या भरून येतात, मुंग्या येतात, पाय उचलवत नाहीत, बसले किंवा पुढे वाकले की काही मिनिटांत बरे वाटते. चढावर पुढे झुकून चालणे किंवा सायकल चालवणे जमते, पण ताठ उभे राहून रांगेत थांबणे जमत नाही. पायांचा रक्तपुरवठा कमी झाल्यावरही चालताना पोटऱ्या दुखतात, परंतु तिथे नुसते उभे राहिले तरी दुखणे ओसरते, बसावे लागत नाही. हा फरक डॉक्टरांना स्पष्ट सांगावा, कारण साठीनंतर एकाच व्यक्तीला दोन्ही आजार असू शकतात. एक बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे: एल-४ सरकला तरी त्या ठिकाणी बाजूने दबते ती बहुधा खाली जाणारी एल-५ ची नस. म्हणजे तरुणाचा एल-५ तडा जाऊन सरकला काय किंवा वृद्धेचा एल-४ झिजून सरकला काय, पायातली कळ दोघांनाही एकाच वाटेने जाणवू शकते. केवळ कळ कुठे जाते यावरून पातळी ठरवता येत नाही.

जन्मजात आणि इतर प्रकार

जन्मजात प्रकारात, ज्याला अहवालात ‘डिस्प्लास्टिक’ म्हणतात, एल-५ आणि एस-१ यांच्यातले फॅसेट सांधे नीट घडलेले नसतात. त्रिकास्थीचा माथा सपाट असण्याऐवजी घुमटाकार असतो, आणि पुष्कळदा कमान मागच्या बाजूला जुळलेली नसते. ती बाब अहवालात ‘स्पायना बायफिडा ऑकल्टा’ अशी नोंदलेली दिसते. हा प्रकार संख्येने कमी असला तरी सर्वांत अधिक लक्ष देण्याजोगा आहे. कमान अखंड राहून मणका सरकत असल्यास नसा लवकर आवळल्या जातात, आणि उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात मणका वेगाने पुढे जाऊ शकतो. तो कुटुंबात आढळतो, म्हणून आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला असा त्रास असेल तर ते डॉक्टरांना सांगावे.

उरलेल्या प्रकारांबद्दल थोडक्यात. मोठ्या अपघातात पार्सखेरीज कमानीचा दुसरा एखादा भाग किंवा सांधा मोडून मणका सरकला, तर तो आघातजन्य प्रकार. क्षयरोग, गाठ किंवा हाडे ठिसूळ करणारा जन्मजात विकार यांमुळे हाड पोखरले जाऊन मणका सरकला, तर ‘पॅथॉलॉजिकल’. इथे सरकण्यापेक्षा मूळ आजाराचा शोध महत्त्वाचा, म्हणून ताप, कारण नसताना वजन घटणे, रात्री पडून राहूनही न थांबणारे दुखणे किंवा पूर्वी झालेला कर्करोग यांची माहिती लपवू नये. कंबरेच्या जुन्या शस्त्रक्रियेत कमानीचा किंवा फॅसेट सांध्यांचा बराच भाग काढावा लागला असेल, तर त्यानंतरही मणका सरकू शकतो. १९७६ च्या यादीत हा प्रकार नव्हता, तो नंतर जोडला गेला.

ग्रेड कशी मोजतात

आता त्या आकड्याकडे येऊ. मेयर्डिंग यांनी १९३२ साली दिलेली पद्धत सोपी आहे. बाजूने काढलेल्या एक्स-रेत खालच्या मणक्याच्या वरच्या पृष्ठभागाचे चार समान भाग करायचे आणि वरचा मणका त्यांपैकी कितव्या भागापर्यंत पुढे आला ते पाहायचे. २५ टक्क्यांपर्यंत ग्रेड १, ५० पर्यंत ग्रेड २, ७५ पर्यंत ग्रेड ३ आणि १०० पर्यंत ग्रेड ४. मणका पूर्णपणे पुढे निसटून खाली उतरला असेल तर त्याला ‘स्पॉन्डिलोप्टोसिस’ म्हणतात आणि तो ग्रेड ५ धरला जातो. या आजाराची सुरुवातीची नोंद एका बेल्जियन प्रसूतितज्ज्ञाने, एर्बिनियो यांनी, १७८२ साली केली ती अशाच फार पुढे आलेल्या हाडामुळे प्रसूतीची वाट अडल्याचे पाहून. स्पॉन्डिलोलिस्थेसिस हे नाव किलियान यांनी १८५४ मध्ये दिले.

फिल्म आणि मोजपट्टी असेल तर हे मोजून पाहता येते. समजा, खालच्या मणक्याच्या वरच्या कडेची लांबी ३६ मिलिमीटर भरली आणि त्याच्या मागच्या कोपऱ्यापासून वरच्या मणक्याचा मागचा कोपरा ८ मिलिमीटर पुढे आहे. आठला छत्तीसने भागून शंभराने गुणले की २२ टक्के येतात, म्हणजे ग्रेड १. पुढच्या वर्षीच्या फिल्मवर तेच अंतर १० मिलिमीटर भरले तर २८ टक्के, म्हणजे ग्रेड २. अहवालात ‘ग्रेड वाढली’ असे येईल आणि घरात चिंता पसरेल. परंतु एक-दोन मिलिमीटरचा फरक रुग्णाच्या उभे राहण्याच्या कोनामुळे किंवा मोजणाऱ्याच्या हातामुळेही पडतो. म्हणून ग्रेडऐवजी टक्केवारी विचारावी, आणि दोन्ही फिल्म एकाच पद्धतीने, उभे राहून काढलेल्या आहेत का ते पाहावे. एमआरआय आडवे झोपवून काढतात, त्यामुळे उभे असताना सरकणारा मणका त्यात जागेवर आलेला दिसू शकतो. निव्वळ एमआरआयवरून ‘मणका सरकलेला नाही’ असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

मणका सरकून स्थिर झाला आहे की अजून हलतो, हा प्रश्न ग्रेडपेक्षा मोठा आहे. त्यासाठी पुढे वाकून आणि मागे वाकून असे दोन एक्स-रे काढतात. त्या दोन स्थितींत मणक्याच्या जागेत साधारण ३ ते ४ मिलिमीटरपेक्षा अधिक किंवा कोनात सुमारे १० अंशांपेक्षा अधिक फरक पडला, तर बहुतेक शल्यविशारद त्या जागेला अस्थिर मानतात. दुखण्यामुळे रुग्ण नीट वाकलाच नाही तर हे एक्स-रे निरुपयोगी ठरतात, याकडे सहसा कोणी लक्ष वेधत नाही. एमआरआयमध्ये फॅसेट सांध्यांत पाणी साठलेले दिसले तर तीही लपलेल्या अस्थिरतेची खूण असू शकते.

पुढे काय विचारावे

डॉक्टरांकडे जाताना पातळी, प्रकार, टक्केवारी, स्थिर की अस्थिर आणि दबलेली नस कोणती, या पाच गोष्टी एका कागदावर लिहून घ्याव्यात आणि अहवालात जी सापडली नाही तिच्यापुढे प्रश्नचिन्ह करावे. लघवी अडणे किंवा तिची जाणीव न होणे, शौचावरचा ताबा जाणे, बैठकीच्या जागी आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरता येणे, किंवा पाऊल अचानक लुळे पडणे, यांपैकी काहीही झाले तर मात्र कागद आणि भेटीची वेळ यांची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.

एरवी घाई नसते. प्रौढांमधल्या बहुसंख्य रुग्णांवर पोटाचे आणि पाठीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, वजनावर नियंत्रण आणि वेदनाशामक औषधे हेच पहिले उपचार असतात. शस्त्रक्रियेचा विचार नसेवरचा दाब वाढत असेल, चालणे अगदीच आखडले असेल किंवा महिनोन्महिने उपचार करूनही दुखणे कमी होत नसेल तेव्हा होतो. त्या वेळी केवळ नस मोकळी करणार आहेत की स्क्रूने मणके जोडणारही आहेत, हे विचारावे, आणि जोडणार असतील तर त्याचे कारण अस्थिरता आहे का, हेही विचारावे.

मुलांच्या बाबतीत वेळापत्रक निराळे आहे. मणका थोडाच सरकला असेल आणि त्रास नसेल तरीही उंची वाढण्याचे थांबेपर्यंत डॉक्टरांनी ठरवलेल्या अंतराने उभ्या स्थितीतला, बाजूने घेतलेला एक्स-रे काढत राहावा, कारण सरकण्याचा खरा धोका त्याच वर्षांत असतो. प्रत्येक वेळी आधीची फिल्म बरोबर न्यावी. नवा आकडा तिच्या शेजारी ठेवल्याशिवाय त्यातून काही ठरवता येत नाही.